तर्रीच्या पलीकडची चूल

पुण्या-नाशिकला एखाद्या हॉटेलावर ‘खानदेशी’ अशी पाटी दिसली, की आत काय मिळणार हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. शेवभाजी, काळ्या मसाल्याचं मटण, वर लालभडक तर्री आणि शेजारी ठेचा. जेवणारा नाक पुसत, पाणी पीत जेवतो आणि खानदेश म्हणजे नुसता जाळ, असं मनाशी पक्कं करून उठतो. या पदार्थांशी माझं भांडण नाही, ते आमच्याच घरांतून हॉटेलात गेले आहेत. पण जळगाव-धुळ्याकडचा माणूस तापातून उठल्यावर, परगावाहून घरी आल्यावर किंवा मेसच्या जेवणाला विटल्यावर जे मागतो, त्यात तर्री क्वचितच असते. त्याला हवी असते तुरीच्या डाळीची खिचडी आणि वर लसणाचं तेल. नाहीतर कळण्याची भाकरी. कढी-फुनके. वरण-बट्टी. यातलं काहीच जिभेला पोळत नाही. धान्य, डाळ आणि तेल एवढ्या तिघांवर हे जेवण उभं आहे, आणि खानदेशी माणसाचा जीव खरा अडकतो तो इथे. काळा मसाला पाहुण्यांसाठी, रविवारसाठी. रोजची चूल निराळी, आणि तीही घरागणिक निराळी.

सुरुवात ज्वारीपासून करायला हवी. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, खानदेशावरचं फारुकी सुलतानांचं राज्य संपलं आणि शहाजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ म्हणू लागले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याची हकिकत लिहिली आहे. इथलं मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी तर वर्षातून तीनदा येते आणि तिचा ताट इतका कोवळा आणि चवदार की लोक तो फळासारखा खातात, असं तो सांगतो. दरबारी कागदपत्रांत एखाद्या प्रांताची महसुलापेक्षा चवीवरून ओळख राहावी, ही मला मोठीच गोष्ट वाटते. तापीच्या दोन्ही अंगांना, चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात काळ्या भारी जमिनीत रब्बीला दादर ज्वारी पेरतात. पाऊस सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते, पाणी द्यावं लागत नाही. दाणा टपोरा, भाकरी गोडसर, कडबा उंच. घरातली माणसं आणि गोठ्यातली जनावरं एकाच पिकावर जगायची.

नुसती ज्वारीची भाकरी महाराष्ट्रभर होते. खानदेशाने तिला जे स्वतःचं वळण दिलं, ते कळण्याचं. ज्वारीत साधारण चौथा हिस्सा सालीसकट उडीद आणि जाडं मीठ घालून दळून आणलं, की कळणा झाला. कुणाच्या घरी मूठभर मेथीदाणे पडतात, कुणी बाजरीचा कळणा करतं, कुणाकडे उडदाचा हात सढळ असतो. पीठ काळपट दिसतं आणि भाकरीवर उडदाच्या सालीचे बारीक ठिपके उमटतात. तव्यावरून उतरली की वर तेल आणि ठेचा, किंवा नुसतं तेल आणि तिखट. मीठ पिठातच असल्यामुळे एवढ्यावर जेवण होतं.

हे मिश्रण का टिकलं, याला कारणं आहेत. ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून तिचं पीठ ताणलं जात नाही, गरम पाण्याने उकड घेतल्यावरच त्यातला स्टार्च थोडा फुगतो आणि भाकरी थापता येते. उडदात मात्र एक चिकट द्रव्य असतं. इडलीचं पीठ फुगून वर येतं, तेव्हा त्यातली हवा हाच चिकटपणा धरून ठेवतो. कळण्यात तो ज्वारीला बांधतो. भाकरीचे काठ फाटत नाहीत आणि सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, म्हणून शेतात न्यायला ती सोयीची. दुसरी गोष्ट पोषणाची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ते उडदात भरपूर असतं, आणि डाळींत जे मेथिओनिन कमी असतं ते ज्वारी भरून काढते. ज्या बायकांनी ही मापं बसवली त्यांना ही नावं ठाऊक नव्हती. त्यांना एवढं ठाऊक होतं, की कळण्याची भाकरी खाऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत भुकेला होत नाही.

कळण्याबरोबर भरीत आलंच. जळगावच्या भरिताचं वांगं पाहिलं नसेल त्याला ते वांगं वाटायचं नाही. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, चांगलंच मोठं आणि लांबोडकं, आत बी अगदी थोडी. असोदा, भादली, बामणोद ही गावांची नावं जळगावच्या बाजारात वांग्याच्या जातीसारखी घेतली जातात. 2016 मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. साल पातळ आणि गर लोण्यासारखा असल्यामुळे ते भाजल्यावर पाणी सोडत बसत नाही. जांभळ्या भरताच्या वांग्याने हे काम होत नाही, हे जळगावकराचं मत हट्टाचं वाटेल, पण दोन्ही शेजारी ठेवून खाल्ली तर पटतं.

भाजायचं कशावर, यात खरी गंमत आहे. कपाशीची वेचणी आटोपत आली की शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या उपटून त्यांची रास करायची, वांग्यांना एकेक बारीक टोचा मारायचा आणि ती राशीवर आणि राशीत अशी रचायची. टोचा विसरला तर वांगं जाळात फुटतं आणि गर राखेत जातो. पऱ्हाटी भडभड पेटते आणि लवकर विझते. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या मोठ्या जाळात साल काळी पडून कोळसा होते, पण आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. धूर सालीतून आत शिरतो. मंद गॅसवर एकेक वांगं फिरवत बसलं तर ते शिजतं, पण धुराचा वास काही लागत नाही. भाजलेली वांगी गरम असतानाच देठाला धरून सोलायची. पाण्याखाली धुवायची नाहीत. चार काळे तुकडे गरात राहिले तरी चालतील, पण पाण्याबरोबर धूर वाहून जाता कामा नये. मग लाकडी भांड्यात लाकडाच्याच मुसळाने गर ठेचायचा. मिक्सरमध्ये तो फेसासारखा होतो, ठेचल्यावर त्याचे धागे राहतात. फोडणीत भरपूर तेल, हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, आणि शेवटी पातीचा कांदा आणि कोथिंबीर, दोन्ही हात सैल सोडून. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला तर नाहीच. भरीत हिरवट-पांढरंच राहिलं पाहिजे.

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, आणि चातुर्मासात बंद असलेलं वांगं घरात परत यायचं, हा रिवाज महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. खानदेशात मात्र त्यानंतर संक्रांत उलटेपर्यंत भरताचे कार्यक्रमच चालतात. शेतावर, मळ्यात, ओळखीपाळखीची चार घरं मिळून. यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. रोजच्या स्वयंपाकात हात न घालणारे पुरुष भरताच्या दिवशी जाळाजवळ बसतात, वांगी भाजतात, सोलतात, ठेचतात. कळण्याच्या पुऱ्या लाटायला मात्र बायकांनाच बसावं लागतं. त्यामुळे अनेकांच्या आठवणीत भरीत हे वडिलांच्या किंवा काकांच्या हातचं असतं. खानदेशी घरांत असा दुसरा पदार्थ मला आठवत नाही.

भरताच्या वांग्याचं ते असोदा म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 मध्ये त्यांचा जन्म तिथला, लग्नानंतरचं सगळं आयुष्य जळगावात गेलं आणि 1951 मध्ये त्या वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या कविता रचत गेल्या, घरच्यांनी काही टिपून ठेवलं आणि मुलगा सोपानदेव चौधरी यांच्यामुळे 1952 मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्याच पिढीतल्या, त्यांच्याच गावच्या बायकांकडे कळण्याचं, भरताचं, वाळवणाचं जे ज्ञान होतं तेही असंच बिनअक्षराचं होतं. त्यातलं फारसं कुणी टिपलं नाही. ते टिकलं ते मुलींच्या हातात, आणि प्रत्येक मुलगी ते घेऊन दुसऱ्या घरात गेली. म्हणून एकाच गावात एका पदार्थाच्या पाच तऱ्हा सापडतात आणि पाचही जणी आपलीच खरी म्हणतात.

बट्टीचंच बघा. लेवा पाटीदारांच्या लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी नसेल तर पंगत झाली असं कुणी मानत नाही. गहू जाडसर, रवाळ दळायचा, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन. घट्ट भिजवून त्याचे लांबट गोळे करायचे, ते वाफवायचे, निवल्यावर सुरीने कापायचे आणि तेलात किंवा तुपात तळायचे. वाफेवर पीठ आतून शिजून निघतं, मग तळणीत फक्त बाहेरचं पाणी उडतं. म्हणून बट्टी वर खुसखुशीत आणि आत मऊ होते. ताटात ती हाताने कुस्करून तिच्यावर पातळ वरण आणि वरून तूप. मारवाडी घरांतली बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत किंवा तंदुरात भाजतात, आधी वाफवत नाहीत. सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरमार्गे माळव्यात गेलं की बाफला भेटतो. तो उकळत्या पाण्यात शिजवून मग भाजतात. तिन्ही बहिणी शोभाव्यात इतक्या जवळच्या. बऱ्हाणपूर ही तर जुन्या खानदेशाची राजधानीच. माळव्याकडून गुजरातकडे आणि दख्खनेकडे जाणारे व्यापारी, बैलांचे तांडे, फौजा याच वाटेने गेल्या. पिठाचा गोळा आगीत टाकून भाजायचा आणि डाळीत कुस्करून खायचा, हे वाटेवरच्या माणसाला परवडणारं जेवण होतं. खानदेशातही शेतावर गोवऱ्यांत भाजलेली बट्टी होते, आणि ज्याने ती खाल्ली आहे तो लग्नातल्या तळलेल्या बट्टीला मनातून दुय्यमच मानतो.

जळगावच्या मारवाडी आणि गुजराती घरांचा इथल्या चुलीवर किती परिणाम झाला, हे जेवताना कळतं. बेसनाच्या पदार्थांची इथे रेलचेल आहे. पाटोडीचा रस्सा म्हणजे शिजवलेल्या बेसनाच्या वड्या थापून, कापून झणझणीत रश्श्यात सोडायच्या. डुबुकवड्यांना तेवढीही तयारी लागत नाही. बेसन भिजवायचं आणि उकळत्या रश्श्यात हातानेच गोळे सोडायचे. मारवाडी गट्ट्याची भाजी या दोघांची नातलग. शेवभाजी याच रांगेतली. चैत्र-वैशाखात विहिरी आटल्या, मळ्यात हिरवं काही उरलं नाही, की डब्यातलं बेसन आणि डब्यातली शेव हीच भाजी. हॉटेलांनी तिला वर्षभराची आणि तिखटजाळ करून टाकलं. घरी ती उन्हाळ्यातल्या अडचणीच्या दिवसाची असायची, आणि पोरांसाठी रस्सा वेगळा, पातळ काढून ठेवलेला असायचा.

माझ्या मते खानदेशी डाळीची सगळ्यात शहाणी करणी म्हणजे फुनके. तुरीची डाळ आणि थोडी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, भरड वाटायची. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर. काहींच्या घरी मेथीची पानं किंवा कांद्याची पात. मुठीत दाबून लांबट मुटके करायचे आणि चाळणीवर वाफवायचे. त्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. कढी ताकाची, पातळ, लसणाच्या फोडणीची. ताटात फुनके कुस्करायचे, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल घालायचं आणि कढी ओतायची. तळण नाही, मसाला नाही, भाजीपाला नाही. धुळ्याकडच्या अहिराणी घरांत उन्हाळ्याच्या दुपारी याशिवाय दुसरं काही नको असतं. तेल कच्चंच का, असं बाहेरचा माणूस विचारतो. भुईमुगाच्या घाण्याच्या तेलाला स्वतःचा भाजल्या दाण्यासारखा वास असतो, आणि तापवलं की तो निम्मा उडून जातो. जळगाव ही डाळ आणि तेलाच्या गिरण्यांची पेठ. ज्या गावात तेल ताजं मिळतं तिथेच ते कच्चं खायची सवय लागते.

आता आखाजी. उरलेल्या महाराष्ट्रात अक्षय तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. खानदेशात मात्र हा सण दिवाळीच्या बरोबरीने मानला जातो. रब्बी घरात आलेली, शेतं मोकळी, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, जुनं वर्ष संपून नवं ठरण्याचा हा दिवस. लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि याच दिवशी पितरांची घागर भरायची असते. मातीच्या नव्या घागरीत पाणी, वर छोटं भांडं, त्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या. सांजोरी म्हणजे गूळ-रव्याचं सारण भरलेली तळणीची पोळी. पुष्कळ घरांत या दिवसापर्यंत कुणी आंब्याला तोंड लावत नाही. आधी वाडवडील, मग आपण. सुट्टीत आंब्याकडे बघत बसलेल्या मुलांना हा नियम जाचक वाटायचा, पण त्यामुळे वर्षाचा पहिला रस सगळ्या घराने एका दिवशी, एका पंगतीत खाल्ला जायचा.

त्या रसाबरोबर खापराची पुरणपोळी, म्हणजे मांडे. तिची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. गहू धुऊन, ओलवून, फडक्यात बांधून ठेवायचे, मग सावलीत जरा सुकवून दळायचे आणि पीठ पातळ कापडातून गाळायचं. ओल्या गव्हाचा कोंडा चिवट होतो, दळताना त्याची पूड न होता मोठे पापुद्रे निघतात आणि कापडावर अडकतात. खाली उरतं ते पांढरंशुभ्र, रेशमासारखं पीठ. आजच्या मोठ्या रोलर गिरण्यासुद्धा दळण्याआधी गव्हाला मोजून पाणी पाजतात, ते याच कारणासाठी. हे पीठ सैल भिजवायचं आणि तास-दीड तास तिंबायचं. उचलायचं, आपटायचं, पुन्हा पाण्याचा हात लावायचा. तिंबून तिंबून त्यातल्या ग्लुटेनची जाळी इतकी लांबते की पीठ धाग्यासारखं ओघळायला लागतं, पण तुटत नाही.

पुढचं काम प्रत्येकीला जमत नाही. पिठाच्या दोन पाऱ्यांत पुरण भरून पोळी थोडी लाटायची. मग ती दोन्ही हातांवर घ्यायची, आणि मनगटं, कोपरापर्यंतचे हात फिरवत फिरवत मोठी करत न्यायची. पोळीच्या स्वतःच्या वजनानेच ती ताणली जाते. आतलं पुरण पातळ होऊन पिवळं झळकायला लागतं, पोळी परातीपेक्षा मोठी होते, आणि मग ती उचलून चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. इथे चूक सुधारता येत नाही. सुरकुती पडली तर तशीच भाजली जाते. खालून लाकडाचा जाळ, मधूनमधून फडक्याने दाबायचं, उलटायची, आणि उतरवली की रुमालासारखी घडी घालून टोपलीत ठेवायची. एका घरात जेवणारे पुष्कळ असले तर शेजारच्या चार जणी मदतीला येतात. एक पुरण वाटते, एक पाऱ्या करते, एक जाळ सांभाळते, आणि हातावर मांडा फिरवणारी एकच, गल्लीतली मानाची बाई. पोळीबरोबर आमरस, कटाची आमटी म्हणजे इथली रशी, कुरडया, भजी. रस गोड, पोळी गोड, म्हणून रशी तिखट लागते आणि ती वाटीने प्यायली जाते.

मांड्यांची एक कथा सगळा महाराष्ट्र सांगतो. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. त्याच मुक्ताबाईची समाधी जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी मुक्ताईनगरजवळ आहे. तालुक्याचं जुनं नाव एदलाबाद. आषाढीला तिथून निघणारी पालखी लांबच्या पल्ल्याची आणि मानाची. ज्या मुलुखाने मांडे भाजण्याचं कसब अजून हातात धरून ठेवलं, त्याच मुलुखात ही बहीण विसावली, हा योग खानदेशी बाईला फार जवळचा वाटतो. खापर चढवताना तिचं नाव घेणाऱ्या आज्या अजून आहेत.

आखाजीच्या आगेमागे वाळवणं. जळगाव-भुसावळचं ऊन 45 अंशांच्या घरात जातं आणि हवेत दमटपणाचा मागमूस नसतो. लोकांना हा उन्हाळा सोसत नाही, पण बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, तो लागतोच. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं. तिला आंबूस वास आला की उपसून, जराशी सुकवून, कांडून वरचा कोंडा काढायचा आणि भरडायची. पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, तीळ, मीठ, आणि मग ही कणी घालून लाकडी दांड्याने घाटत राहायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. उन्हं वर यायच्या आत ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने पातळ थापून गच्चीवर घालायचे. संध्याकाळपर्यंत बिबडे आपसूक कापडापासून सुटायला लागतात. आंबवल्यामुळे चव येते आणि नको ते जंतू वाढत नाहीत, कडक उन्हामुळे पाण्याचा अंश निघून जातो, आणि पत्र्याच्या डब्यात बिबडे वर्षभर राहतात. पावसाळ्यात संध्याकाळी एखादा निखाऱ्यावर भाजायचा, त्यावर तेल-तिखट, सोबत कच्चा कांदा. जेवणाला उशीर असला की पोरांचं पोट यावरच निभायचं.

खिचडीबद्दल थोडं, कारण रोजची खरी तीच. मुगाची खिचडी खानदेशात आजाऱ्याची. निरोगी माणसाची खिचडी तुरीच्या डाळीची. तांदळात डाळीचा हात चांगला सढळ, फोडणीत लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, थोडंसं तिखट-हळद. शिजून मोकळी पण ओलसर. ताटात वाढल्यावर वर लसणाच्या फोडणीचं कढत तेल, शेजारी भाजलेला पापड, लोणचं, आणि असेल तर कढी. तुरीचंही या मुलुखाशी जुनं नातं. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीलाही 2016 मध्येच मानांकन मिळालं. गुजरातची खिचडी-कढी आणि ही एकाच दिशेची, पण लसणाचं तेल पडलं की ती तापीच्या अलीकडची होते. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी एका भांड्यात उरकणारा स्वयंपाक हवा असायचा. खिचडीला घराघरांत जे स्थान मिळालं ते त्या थकव्यातून मिळालं. आपण ज्याला मायेचं जेवण म्हणतो, ते पुष्कळदा तिच्या विश्रांतीचं जेवण होतं.

तापलेल्या तेलात लसूण पडला की माणूस वीस-तीस वर्षं मागे जातो, यालाही शरीरातलं कारण आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वासाला तो नाका आधी लागत नाही. नाकातून आलेली खबर भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी जवळजवळ थेट पोचते. म्हणून पऱ्हाटीचा धूर, आंबलेल्या ज्वारीचा वास, कच्च्या तेलाचा वास यांची आठवण शब्दांच्या आधी येते. आणि प्रत्येकाची वेगळी येते. असोद्याच्या माणसाला भरताचा धूर हलवून सोडेल, साक्रीच्या माणसाला कदाचित कढीवरचं तेल.

ही माणसं आता पांगली आहेत. सुरत-भुसावळ रेल्वेने गेल्या दोन-तीन पिढ्यांत खानदेशाची गावंच्या गावं सुरतेच्या कापड उद्योगात नेली. उधना, लिंबायत भागात अहिराणी कानावर पडते. जळगावकडची मुलं पुण्याला, पिंपरी-चिंचवडला. हिवाळ्यात वांग्यांची पोती आणि उन्हाळ्यात बिबड्यांचे डबे त्यांच्यामागे प्रवास करतात. गावाकडेही पुष्कळ बदललं. कापूस, केळी, मका यांनी ज्वारीची जागा घेतली, दादर पेरणारे कमी झाले. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारी चढ्या भावाने दिसू लागली, पण खानदेशातल्या शेतकऱ्याला ती पुन्हा पेरावीशी वाटेल असा भाव त्याच्या हातात पडला, असं मला दिसलं नाही. याचं वाईट वाटतं, कारण दादर गेली तर कळणा नुसता बाजारातल्या पिठाचा पदार्थ होईल.

दुसरीकडे बचत गटांच्या बायकांनी या चुलीला बाजार मिळवून दिला, हे मनापासून सांगायला हवं. कळण्याचं पीठ पाकिटात मिळतं. बिबडे, नागलीचे पापड, कुरडया किलोवर मिळतात. मांडे मागणीनुसार करून देणाऱ्या बाया जळगावात आणि धुळ्यात आहेत, आणि ज्या कसबाचं घरात कुणी कौतुक केलं नव्हतं त्याचे त्यांना पैसे मिळतात. भरीत हंगामात किलोने विकलं जातं. एक गोष्ट मात्र विकायला ठेवता येत नाही. बिबडे थापायच्या आधी पातेल्यात जे गरम, चिकट, लसणाचं पीठ असतं ना, त्याला घाटा म्हणतात. वाटीत घेऊन, मधे खळगा करून, त्यात कच्चं तेल ओतून तो खायचा. अर्ध्या तासात तो गार होऊन घट्ट होतो, मग त्याला चव राहत नाही. त्यासाठी सकाळी सहालाच, ज्या घरी बिबडे घालताहेत त्या घरच्या अंगणात, हातात वाटी घेऊन हजर राहावं लागतं. आणि थापायला चार हात कमी पडत असतील तर वाटी खाली ठेवून कामाला बसावं लागतं.